स्पॅनिशचा पहिला पगार

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. साबण, चावी, बटाटा हेही त्यांच्याच जहाजांतून उतरले, पण ती सगळी नामं. पगार हे मुळात क्रियापद होतं. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. मराठीत आल्यावर ते महिन्याच्या एक तारखेला चिकटून बसलं. पोर्तुगीजची सख्खी बहीण स्पॅनिश. तिच्यात मात्र ते आजही रोज चालतं-फिरतं. म्हणजे स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाच्या खिशात पहिलं क्रियापद आधीपासूनच असतं. शाळेत संस्कृतचे धातू चालवले तसं ते चालवायला शिकायचं, एवढंच काम उरतं.

मी संध्याकाळी स्पॅनिशचे वर्ग घेते. येणारे बहुतेक जण एखाद्या ॲपवर किंवा इंग्रजी पुस्तकातून सुरुवात करून आलेले असतात आणि क्रियापदांच्या तक्त्यांपाशी अडलेले असतात. त्यांना मी सांगते, इंग्रजी थोडा वेळ बाजूला ठेवा. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, ही गोष्ट इंग्रजी जवळजवळ विसरून गेली आहे. आपण ती दिवसभर करत असतो. स्पॅनिश क्रियापदाच्या निम्म्या अडचणी मराठीतून पाहिल्या तर अडचणी राहतच नाहीत. उरलेल्या काही मात्र खास मराठी माणसाच्या आहेत, आणि इंग्रजी पुस्तकं त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आधी उच्चार उरकून घेऊ. त आणि द आपलेच, दातांचे. व्ही हे अक्षर 'ब'सारखं म्हणायचं, एच कधीच म्हणायचा नाही. बाकी शब्द लिहिला तसा वाचायचा. एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही, ती म्हणजे जोर. शब्द स्वर, न किंवा स यांवर संपत असेल तर जोर एरवी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. तो शेवटी न्यायचा असेल तर स्पॅनिशमध्ये स्वरावर तिरकी रेघ देतात. देवनागरीत तशी सोय नाही, म्हणून शेवटच्या अक्षरावर रेघ असेल तिथे मी अवग्रह घालणार आहे. 'पागो' म्हणजे मी पैसे देतो. 'पागोऽ' म्हणजे त्याने पैसे दिले. एका रेघेत काळही बदलला आणि पैसे देणाराही. हॉटेलात बिल आल्यावर ही चूक महागात पडू शकते.

स्पॅनिश क्रियापदाच्या मूळ रूपाचा शेवट तीनच प्रकारे होतो: आर, एर आणि ईर. तिघांचे नमुने म्हणून पागार, कोमेर (खाणे, जेवणे) आणि बीबीर (जगणे, राहणे) घेऊ. हे शेपूट काढलं की पाग, कोम, बीब हे धातू उरतात आणि त्यांना प्रत्यय लागतात. सर्वांत मोठं घराणं 'आर'चं. भाषेत नवीन आलेली क्रियापदंही त्याच घरी जातात: चॅट करणे 'चातेआर' झालं, ट्वीट करणे 'तुइतेआर'. म्हणून वेळ कमी असेल तर आधी आर पक्कं करा. एर आणि ईर ही जुळी भावंडं आहेत, बहुतेक ठिकाणी एकच कपडे घालतात.

वर्तमानकाळ असा. मी, तू, तो, आम्ही, ते या क्रमाने: पागो, पागास, पागा, पागामोस, पागान. कोमेर: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. बीबीर: बीबो, बीबेस, बीबे, बीबीमोस, बीबेन. शेवटच्या दोघांत फरक फक्त 'आम्ही'च्या रूपात आहे, बघा.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. पठसि, पठामः, पठन्ति. 'तू'ला स, 'आम्ही'ला म, 'ते'ला न. हा योगायोग नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, आणि स्पॅनिशने लॅटिनचे हे प्रत्यय सांभाळून ठेवले. आपल्या 'देतोस', 'दिलास' यांच्या शेवटीही स आहेच. हे एकदा लक्षात आलं की तक्ता निम्मा होतो, कारण स, मोस आणि न ही तीन शेपटं कुठल्याही काळात हलत नाहीत. प्रत्येक काळात 'मी' आणि 'तो' एवढीच रूपं पाठ करायची. बाकीची 'तो'च्या रूपावरून बहुतेक वेळा आपोआप निघतात. अपवाद साध्या भूतकाळाचा, त्याच्याकडे येऊच.

सहावं रूप मी मुद्दाम गाळलं. अनेकांना 'तुम्ही' म्हणायचं तर स्पेनमध्ये 'बोसोत्रोस' वापरतात आणि रूप होतं पागाऽइस, कोमेऽइस, बीबीऽस. लॅटिन अमेरिकेत हे बोलण्यात नाही; तिथे 'उस्तेदेस' म्हणतात आणि 'ते'चं रूप लावतात. मेक्सिको किंवा पेरूच्या लोकांशी काम पडणार असेल तर हे रूप वाचताना ओळखता आलं की पुरे. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' आहे आणि त्याचं रूप पागाऽस, कोमेऽस, बीबीऽस. पुस्तकात नसलेलं हे रूप ब्युनॉस आयर्समध्ये पहिल्याच दिवशी कानावर पडतं.

सर्वनाम प्रत्येक वेळी लावू नका. 'मी येतो' ऐवजी आपण नुसतं 'येतो' म्हणतो, 'तू जेवलास का' ऐवजी 'जेवलास का'. स्पॅनिशमध्ये हुबेहूब तेच. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी प्रत्येक वाक्याच्या आधी 'यो, यो' करत राहतात आणि ते ऐकायला 'मी, मी' करणाऱ्या माणसासारखंच लागतं. वर्तमानकाळाचा वापरही आपल्यासारखाच ऐसपैस आहे. 'के कोमेस?' म्हणजे 'काय खातोस?', समोर ताट असतानाही हेच चालतं. आणि 'मान्याना ते पागो' म्हणजे 'उद्या देतो'. उधारीचं हे वाक्य दोन्ही भाषांत वर्तमानकाळातच बोललं जातं. शिवाय क्रियापदाला लिंग नाही: देतो, देते, देतं, सगळ्यांना एकच 'पागा'.

आता भूतकाळ. इंग्रजी पुस्तकं इथे पानंच्या पानं खर्च करतात, कारण स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत आणि कुठला कधी वापरायचा हे इंग्रजी माणसाला काही केल्या उमगत नाही. मराठी माणसाने ती पानं खुशाल उलटावीत. 'जेवलो' आणि 'जेवायचो' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

'जेवलो', 'दिले', 'राहिलो' हे एकदा घडून संपलेलं. त्याची रूपं: पागेऽ, पागास्ते, पागोऽ, पागामोस, पागारोन. कोमेरची: कोमीऽ, कोमीस्ते, कोम्योऽ, कोमीमोस, कोम्येरोन. बीबीरची अगदी कोमेरसारखी: बीबीऽ, बीबीस्ते, बीब्योऽ, बीबीमोस, बीब्येरोन. इथे 'तू'च्या रूपाने स सोडला आहे. कितीतरी स्पॅनिश लोकांनाही ते पटत नाही आणि ते बोलताना 'पागास्तेस' म्हणून जातात; शिक्षक ते चूक धरतात. 'पागामोस' आणि 'बीबीमोस' वर्तमानातही तेच होते, तेव्हा अर्थ संदर्भावरून घ्यायचा. 'पागेऽ' लिहिताना जीनंतर एक मुका यू घालावा लागतो, नाहीतर ग चा उच्चार घशातला होतो. कान सांगतो तेच बरोबर, अक्षरं फक्त त्याची मर्जी सांभाळतात.

'जेवायचो', 'जेवत असे', 'जेवत होतो' या तिन्हींसाठी स्पॅनिशला एकच काळ पुरतो. पागाबा, पागाबास, पागाबा, पागाबामोस, पागाबान. कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआन. बीबीरही असंच, बीबीआ. 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच असल्याने गोंधळ होत असेल तर इथे सर्वनाम घाला. संपूर्ण भाषेत या काळाची अनियमित क्रियापदं तीनच आहेत: सेर, ईर आणि बेर. म्हणजे असणे, जाणे, पाहणे. एवढा सज्जन काळ दुसरा नाही.

दोन्ही एकत्र पाहू. 'बीबीआ एन सालामांका. कोमीआ आ लास त्रेस. उन दीआ कोमीऽ आ लास सिंको इ नो पागेऽ.' मी सालामांकात राहायचो. तीनला जेवायचो. एके दिवशी पाचला जेवलो आणि पैसे दिले नाहीत. पहिल्या दोन वाक्यांत देखावा मांडला जातो, तिसऱ्यात घटना घडते. मराठीत वाक्य मनात म्हणा. 'यचो' किंवा 'त होतो' आलं तर बा किंवा ईआ, नुसतं 'लो' आलं तर जोर शेवटी न्या. दहातल्या नऊ वेळा उत्तर बरोबर येतं. दहावी वेळ 'होतो'ची. 'गेल्या महिन्यात मी पैसे भरले होते' असं आपण सहज म्हणून जातो, जिथे खरं तर 'भरले' पुरलं असतं. स्पॅनिशमध्ये ते 'होते' ओढून आणू नका. नुसतं 'पागेऽ' म्हणा.

आता ज्या अडचणी आपल्या घरच्या आहेत त्यांच्याकडे. एकदा मी वर्गात वाक्य दिलं: वडिलांनी पोळ्या खाल्ल्या. मेक्सिकोत मक्याची 'तोर्तिया' असते, तिला पोळी मानू असं सांगितलं. एका हुशार विद्यार्थ्याने लिहिलं, 'मी पाद्रे कोम्येरोन तोर्तियास'. (इथला 'मी' म्हणजे 'माझे', बरं का.) मी विचारलं, एकटे वडील जेवले, मग रोन कुठून आलं? तो म्हणाला, "वडील म्हणजे आदरार्थी बहुवचन ना? आणि पोळ्या पण अनेकच आहेत." एका चुकीला दोन मराठी कारणं.

कारणं दोन्ही खरी आहेत, म्हणून थोडं थांबू. आपण 'बाबा आले' म्हणतो. स्पॅनिशमध्ये एका माणसाला एकवचनच, मग तो राजा का असेना. आदर दाखवायला 'उस्तेद' म्हणतात आणि त्याला 'तो'चं रूप लावतात: 'उस्तेद पागा'. 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला, म्हणून तिसरा पुरुष. 'सरकारांनी यावं' म्हणताना समोरच्यालाच आपण तिसऱ्या पुरुषात बोलतो ना, तसंच ते.

दुसरं कारण अधिक खोल रुतलेलं आहे. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोळ्या खाल्ल्या. भूतकाळात आपलं क्रियापद खाणाऱ्याला सोडून ताटातल्या पदार्थाकडे वळतं, कर्मणी प्रयोग. स्पॅनिशमध्ये असं वळणं नाहीच. आंबा असो, पोळी असो की दहा पोळ्या, मी खाल्ल्या तर 'कोमीऽ', त्याने खाल्ल्या तर 'कोम्योऽ'. मराठीतलं 'मी', 'त्याने', 'वडिलांनी' शोधा, त्याच्यावर बोट ठेवा आणि क्रियापद त्याच्याशी जुळवा. कर्माकडे पाहूही नका.

हीच सवय पूर्ण वर्तमानकाळातही पाय ओढते. 'खाल्ला आहे' हे स्पॅनिशमध्ये साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित मिळून होतं: ए, आस, आ, एमोस, आन आणि पुढे पागादो, कोमीदो, बीबीदो. 'ए कोमीदो' म्हणजे 'जेवलोय'. पोळी खाल्ली आहे म्हणून 'कोमीदा' करायला हात शिवशिवतो, पण इथे शेवटचा ओ जागचा हलत नाही. 'कोमीदा' म्हणजे जेवण, हे नाम आहे. हा काळ स्पेनमध्ये फार चालतो. आज घडलेलं ते बहुधा यातच सांगतात. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'आज जेवलो'लाही 'कोमीऽ'च.

ते ए, आस, आ, एमोस, आन विसरू नका, कारण भविष्यकाळ त्यांच्यातच दडला आहे. फार पूर्वी 'पागार' आणि 'ए' हे वेगळे शब्द होते, 'मला द्यायचं आहे' अशा अर्थाचे. ते चिकटले आणि 'पागारेऽ' झालं. म्हणून इथे शेपूट कापायचं नाही, आख्ख्या मूळ रूपालाच प्रत्यय लावायचे: पागारेऽ, पागाराऽस, पागाराऽ, पागारेमोस, पागाराऽन. तिन्ही घराण्यांना हेच, कोमेरेऽ, बीबीरेऽ. अनियमित म्हणावीत अशी मूळ क्रियापदं डझनभर, तीही फक्त धातूत बदलतात. 'पागारेऽ' हे नामही आहे: वचनचिठ्ठीला स्पॅनिशमध्ये हाच शब्द. 'मी देईन' एवढं लिहून सही केली की कागद तयार.

बोलण्यात मात्र 'बोय आ पागार' जास्त ऐकू येतं, आपल्या 'देणार आहे'सारखं. मग साध्या भविष्याचं काम काय? एक काम आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. 'तो गोव्यात राहत असेल', 'पाच वाजले असतील' हे भविष्य नव्हे, अंदाज. स्पॅनिशही तेच करते: 'बीबीराऽ एन गोआ'. गोव्यात राहत असेल. इंग्रजी पुस्तकात याला वेगळा धडा असतो, आपल्याला एक 'असेल' पुरतो.

याच मूळ रूपाला कोमीआमधला ईआ लावला की संकेतार्थ: पागारीआ, पागारीआस, पागारीआ, पागारीआमोस, पागारीआन. जमलं असतं तर दिलं असतं, या छापाचं बोलणं. नम्रपणे काही मागायलाही हेच रूप. एक सापळा इथेही आहे. 'तो म्हणाला की मी पैसे देईन' असं आपण त्याचेच शब्द उचलून सांगतो. स्पॅनिशमध्ये काल म्हणालेल्या माणसाचं 'देईन' पागारीआ होतं: 'दीखो के पागारीआ'. पागारेऽ म्हणालात तर देणेकरी तुम्ही.

आज्ञा आणि इच्छा यांची रूपं निराळ्या लेखाचा विषय. एवढंच सांगते की तिथे बहुतेक रूपांत स्वरांची अदलाबदल होते, आर घराण्याला ए आणि इतरांना आ. खिडकीवर 'पागे आकीऽ' अशी पाटी दिसली तर ती 'येथे पैसे भरावेत' आहे. ती 'पागेऽ', म्हणजे 'मी भरले', अशी नव्हे. पुन्हा तीच रेघ.

काळांच्या नावांनी बिचकू नका. कास्तिलियन भाषेचं पहिलं व्याकरण आंतोनियो दे नेब्रिखा यांनी लिहिलं. ते 1492 साली त्याच सालामांकात छापलं गेलं, जिथे आपण जेवून पैसे दिले नाहीत. काराकासला जन्मलेल्या आंद्रेस बेयो यांनी 1847 मध्ये चिलीत अमेरिकेतल्या लोकांसाठी व्याकरण लिहिलं आणि काळांना नवी नावं दिली. त्यामुळे एका पुस्तकातला 'इंपेर्फेक्तो' (आपला पागाबा) मेक्सिकोच्या पुस्तकात 'कोप्रेतेरितो' असतो आणि 'कोंदिसिओनाल'चा (पागारीआचा) 'पोसप्रेतेरितो' होतो. काळ तोच, रूप तेच. नाव पाहून नवीन तक्ता पाठ करायला बसू नका.

आता सरावाचं. तक्ते उभे पाठ करू नका. सात आठे विचारलं की सात एके सातपासून चढत येणारं मूल आपण पाहिलेलं असतं. 'ते'चं रूप हवं असताना पागो, पागास, पागा करत येणारा विद्यार्थी तोच. आडवं म्हणा. एक माणूस धरा आणि त्याला सगळ्या काळांतून फिरवा: पागो, पागेऽ, पागाबा, ए पागादो, पागारेऽ, पागारीआ. देतो, दिले, द्यायचो, दिले आहेत, देईन, दिले असते. दुसऱ्या दिवशी 'तो': पागा, पागोऽ, पागाबा, आ पागादो, पागाराऽ, पागारीआ. मोठ्याने म्हणा, मनात नको. जोर मनात ऐकू येत नाही. रोज एक क्रियापद पुरे. आंदार (चालणे) टाळा, दिसायला साधं आहे पण भूतकाळात दगा देतं. त्याऐवजी काम करण्याचं त्राबाखार, विकण्याचं बेंदेर, वर चढण्याचं सुबीर घ्या. तिन्ही शहाणी आहेत.

शेवटी एक छोटं काम. सालामांकाची गोष्ट 'मी'ऐवजी 'ते' घालून सांगून पाहा, आधी कागदाने खालची ओळ झाकून.

बीबीआन एन सालामांका. कोमीआन आ लास त्रेस. उन दीआ कोम्येरोन आ लास सिंको इ नो पागारोन.